कुणाच्याही मेसेजसाठी ॲडमिनला तुरुंग? हे खरं नाही

‘ग्रुपमध्ये कुणीही आक्षेपार्ह मेसेज टाकला तर आधी ॲडमिन आत’, असा मेसेज आठवडाभरापासून आपल्या धानाच्या पट्ट्यात फिरतोय. त्याला घाबरून आमच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे दोन ॲडमिन काल बाहेर पडले. बांधीतल्या करपा पडलेल्या पानाचा फोटो आला की रात्री अकरालाही उत्तर देणारे तेच दोघं होते. मला फार वाईट वाटलं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये याच प्रश्नावर निकाल दिला आहे, तोही आपल्याच गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात. सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. मेसेज पडण्याआधी अडवणं त्याच्या हातात नसतंच. सदस्य आणि ॲडमिन दोघांनी संगनमतानं केलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

लिंकवरून अनोळखी लोक शिरतात, ही भीती रास्त आहे. त्यासाठी नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग चालू करा, जुनी लिंक रद्द करा. नको तो मेसेज ॲडमिनला सगळ्यांसाठी पुसताही येतो.

भाऊ, तुम्ही दोघं परत या.