उजवा हात वर

परवा इथे आयर्लंडमधल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, "पोरीला हर्लिंगला कशाला घालतोस? ते आयरिश लोकांच्या रक्तातच आहे. आपली पोरं नुसती बाकावर बसणार." खाली अकरा अंगठे. मी गप्प राहिलो. ग्रुपवर वाद घालणार नाही असं बायकोला कबूल केलंय. फेसबुकबद्दल काही ठरलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा जण. हातात अ‍ॅशच्या लाकडाची, खाली चपटी होत गेलेली काठी. मैदान हॉकीच्या दीडपट लांब. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलायचा नाही, काठीच्या टोकाने उडवून मगच हातात घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. मी घरामागच्या गवतात करून पाहिलंय, वीसपैकी दोनदा जमलं आणि तिसऱ्यांदा बायकोच्या कुंडीचा काठ गेला. मुलींच्या हर्लिंगला कॅमोगी म्हणतात. आमची लेक नऊ वर्षांची आहे, ती कॅमोगी खेळते.

पहिल्या शनिवारी तिला मैदानावर नेलं त्याआधी मी तिला आठवडाभर घरी 'तयार' केलं होतं. डावा हात वर, उजवा खाली, कोपर उंच. तिथले म्हातारे प्रशिक्षक, निवृत्त शेतकरी, तिच्याजवळ आले, काही न बोलता तिचे दोन्ही हात काठीवरून सोडवले आणि उलटे बसवले. उजवा वर, डावा खाली. मग माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "क्रिकेट?" मी मान हलवली. माझी अख्खी हयात ज्या पकडीत गेली ती इथे चूक होती. हर्लिंगमध्ये चालता हात, म्हणजे आपला मुख्य हात, वर लागतो, कारण निम्मा वेळ काठी त्या एकाच हातात असते.

मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? म्हणाले, किल्केनीला सेंट कियरन्स कॉलेजात होतो, फादर टॉमी माहर यांच्या हाताखाली.

त्या रात्री मी वाचत बसलो, ते अजून संपलेलं नाही.

टॉमी माहर हे कॅथलिक धर्मगुरू. 1922चा जन्म. स्वतः खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर फार काही नाही. 1945च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात किल्केनी काउंटीकडून (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) उतरले, टिपरेरी काउंटीने हरवलं. मोठ्या स्तरावरचं खेळणं जवळपास तिथेच थांबलं, कारण त्या काळी चर्चचे नियमच तसे होते. धर्मगुरूंनी काउंटीच्या संघातून खेळायचं नाही. कित्येक फादर आणि सेमिनरीतली, म्हणजे धर्मगुरू होण्यासाठी शिकणारी मुलं खोट्या नावांनी खेळायची. मैदानातल्या प्रत्येकाला माहीत असायचं की हा कोण आहे, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मात्र भलतंच नाव! आमच्या वसईत असं काही झालं असतं तर संध्याकाळच्या आत महागुरुस्वामींपर्यंत (बिशपपर्यंत) बातमी गेली असती.

तर ज्याला खेळता येणार नव्हतं, तो माणूस शिकवायला लागला. सेंट कियरन्समध्ये ते शिक्षक होतेच. 1957 साली किल्केनीच्या मोठ्या संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. दहा वर्षं त्या काउंटीने अजिंक्यपद पाहिलं नव्हतं. त्याच वर्षी अंतिम सामन्यात वॉटरफर्डला 4-10 विरुद्ध 3-12 असं हरवलं. गोलाचे तीन धरा आणि बेरीज करा: 22 आणि 21. एका पॉइंटने!

हे धरून 1975पर्यंत सात अजिंक्यपदं. मला त्यातलं 1967चं सगळ्यात आवडतं, कारण त्या वर्षी टिपरेरीला हरवलं. त्याआधी किल्केनीने टिपरेरीला अंतिम सामन्यात हरवलं होतं ते 1922च्या स्पर्धेत. म्हणजे माहर जन्मले त्या वर्षीच्या. मधल्या पंचेचाळीस वर्षांत किल्केनीचे लोक काय म्हणत असतील याचा अंदाज आपल्याला सहज करता येतो. टिपरेरीवाले अंगानेच दणकट, त्यांच्या रक्तातच आहे ते, आपलं हर्लिंग आपलं नाजूक. ओळखीचं वाटतंय ना? तोच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, फक्त व्हॉट्सअ‍ॅप नसलेला.

माहर यांनी नेमकं केलं काय? भाषणं नाही, नवस तर नाहीच. त्यांनी खेळ सुटा केला. घड्याळजी घड्याळ उघडतो तसा. उचलणं वेगळं, मारणं वेगळं, समोरच्याच्या फटक्याखाली काठी घालून चेंडू अडवणं वेगळं, मागून नुसती काठी लावून फटका मोडणं वेगळं. एकेक तुकडा पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचा, डाव्या बाजूनेही आणि उजव्याही. तोवर हर्लिंगचं 'प्रशिक्षण' म्हणजे बहुतेक ठिकाणी मैदानाला फेऱ्या मारा आणि मग आपापसात सामना खेळा, एवढंच. खेळ यायचा त्याला यायचा. माहर यांचा असल्या गोष्टीवर विश्वास नव्हता, त्यांची रीत व्याकरण शिकवण्यासारखी. धातू पाठ करा, रूपं चालवा, मग वाक्य आपोआप येतं.

त्यांच्याच कॉलेजातला एडी केहर. 1963च्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने चौदा पॉइंट मारले. त्या दिवशी वॉटरफर्डने सहा गोल केले होते, सहा! तरी किल्केनी 4-17 विरुद्ध 6-8 अशी जिंकली. दांडीवरून शांतपणे एकेक पॉइंट जमवत गेलेला केहर पुढे त्या खेळातलं दंतकथेसारखं नाव झाला. रक्त म्हणाल तर आयर्लंडमध्ये सगळ्यांचं सारखंच होतं.

आणि ही विद्या त्यांनी तिजोरीत ठेवली नाही. साठच्या दशकात गॉर्मनस्टन इथे देशभरच्या प्रशिक्षकांसाठी वर्ग सुरू झाले. तिथे शिकवणाऱ्यांत माहर होते आणि त्यांच्या जोडीला डोनी नीलन होता. नीलन कुठला? टिपरेरीचा. आपल्याकडे एका तालमीचा वस्ताद दुसऱ्या तालमीच्या पोरांना डाव सांगताना मी तरी पाहिलेला नाही.

खेळ शिकवणाऱ्या धर्मगुरूंतलं दुसरं नाव क्लेअर काउंटीतल्या फादर हॅरी बोहन यांचं. त्यांच्या हाताखाली क्लेअरने 1977 आणि 1978 अशी दोन्ही वर्षं राष्ट्रीय लीग जिंकली, अंतिम सामन्यात किल्केनीला हरवून. पण मुन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात दोन्ही वर्षी कॉर्कने अडवलं. या माणसाचं मोठं काम खरं तर मैदानाबाहेरचं. खेड्यांतली तरुण जोडपी शहरात, परदेशात निघून जात होती, तेव्हा त्यांनी ग्रामीण घरबांधणीची संस्था उभी केली. मला यात आणि हर्लिंगमध्ये फरकच दिसत नाही. गावात घर नाही तर लग्न नाही, लग्न नाही तर पोरं नाहीत, आणि पोरं नाहीत तर पंधरा जण आणायचे कुठून? इथे क्लब म्हणजे साधारण धर्मग्रामच (एका चर्चचा परिसर) असतो, आणि डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांसमोर खेळणाऱ्यालाही खेळण्याचा पगार नसतो. सोमवारी तो शाळेत शिकवायला जातो.

आता एक अवघड गोष्ट. आयर्लंडमध्ये राहून 'फादर आणि मुलं' या विषयावर गोड गोड लिहिणं शक्य नाही. चर्चच्या संस्थांमध्ये मुलांचं काय झालं, ते किती वर्षं दडपलं गेलं, हे सरकारी चौकशांच्या अहवालांत आहे. इथल्या माझ्या वयाच्या कित्येकांनी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जाणं त्यामुळेच सोडलं. मी जातो, पण त्यांना दोष देत नाही. मुलांना शिकवायचं तर पोलिसांकडून तपासणी होते, झगा असो वा नसो. मीही पाण्याच्या बाटल्या भरायला उभा राहतो म्हणून फॉर्म भरलाय. उत्तम नियम आहे. पूर्वी नव्हता, हीच तर अडचण होती.

वसईत आमच्या लहानपणी एक तरुण फादर आले होते. झगा कमरेला खोचून व्हॉलीबॉल शिकवायचे. बोटांनी चेंडू झेलायचा नाही, ढकलायचा, हे त्यांच्यामुळे कळलं. चार वर्षांत आमचा संघ आसपासच्या गावांना भारी झाला. मग त्यांची बदली झाली. नंतर आलेल्यांना खेळात रस नव्हता, जाळं बरीच वर्षं गोदामात पडून होतं, शेवटी कोणीतरी ते वालाच्या वेलाला बांधलं. माहर किल्केनीच्या संघासोबत अठरा वर्षं होते. माझं मत विचाराल तर सात अजिंक्यपदांपेक्षा मला ही अठरा वर्षं जास्त मोठी वाटतात. आमच्याकडच्या अकादमीवाल्यांना तीन महिन्यांची फी आगाऊ लागते आणि चौथ्या महिन्यात कोच बदललेला असतो.

हं, तर रक्त. गेल्या शनिवारी बारीक पाऊस होता, इथे असतोच. आमच्या चर्चला नवीन धर्मगुरू आलेत, केरळचे. मिस्सेनंतर सहज मैदानावर आले. कोणीतरी हौसेने त्यांच्या हातात काठी दिली. फादरनी पाय रोवले, काठी जमिनीवर दोनदा आपटली, डावं कोपर उंच केलं. खांद्यांवरूनच कळत होतं की कधीकाळी चांगले ओपनर असणार. चेंडू आला, त्यांनी झकास ऑन ड्राइव्ह मारला आणि चेंडू जिथे होता तिथेच राहिला.

आमची लेक चिखल तुडवत त्यांच्यापाशी गेली. काठीवरून त्यांचे हात सोडवले, तिच्या बोटांना ती मूठ जेमतेम उघडता आली. मग म्हणाली, "फादर, उजवा हात वर."