खुलासा: ‘जुन्या गोळ्या तशाच ठेवा, नव्या फक्त वाढवा’ हे चूक

वृद्ध रुग्ण रुग्णालयातून घरी आला की जुन्या गोळ्या चालूच ठेवाव्यात, डिस्चार्ज कार्डावरच्या त्यात मिळवाव्यात, असा एक संदेश फिरतो आहे. कृपया असं करू नका.

एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी घरात असतं. जुन्या पाकिटावर एक नाव, नव्यावर दुसरं, आत मात्र दोन्हीकडे अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे रक्तदाब कमी करणारं औषध. दुप्पट डोसाने रक्तदाब उतरतो, उभं राहताना तोल जातो आणि माणूस पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत हीच चूक रक्तस्राव घडवते.

उलट टोकही तितकंच घातक: कार्डावर नाही म्हणून थायरॉईडची किंवा फिटची गोळी परस्पर बंद करणं. बऱ्याचदा ती लिहायची राहून गेलेली असते.

म्हणून घरातली सगळी पाकिटं, थेंब आणि इन्सुलिनसुद्धा, डिस्चार्जआधीच वॉर्डात न्या. प्रत्येक औषधाच्या नावासमोर डॉक्टरांकडून एकच शब्द लिहून घ्या: चालू, बंद, बदल किंवा नवीन. ‘बंद’वाली घरात ठेवूच नका. घरी रुग्णाला ५ मिनिटं आडवं ठेवून, मग उभं केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा.