अपग्रेडने लॅपटॉप मंदावतो, या विधानातला ‘च’

‘नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की लॅपटॉप मंदावतोच, नवे यंत्र खपावे म्हणून कंपन्या हे मुद्दाम करतात, तेव्हा अपडेट कायमचे बंद ठेवा, आणि अपग्रेड झालेच असेल तर जुन्या आवृत्तीवर परत जा,’ असा मजकूर कित्येक वर्षे हातोहात फिरतो आहे. त्यात वेगवेगळी विधाने एका दमात केली आहेत आणि ती सारखीच खरी किंवा सारखीच खोटी नाहीत, म्हणून ती सुटी करून तपासावी लागतात.

आधी ‘मंदावतोच’मधला ‘च’. २००७ साली आलेली विंडोज व्हिस्टा जड होती आणि तिच्याविषयीच्या तक्रारी रास्त होत्या. परंतु २००९ साली तिच्या जागी आलेली विंडोज ७ त्याच यंत्रांवर पुष्कळांना अधिक चपळ वाटली. विंडोज ७ च्या ६४-बिट आवृत्तीला किमान २ जीबी रॅम (चालू कामाची माहिती ठेवणारी तात्पुरती स्मृती) लागत असे, आणि २०१५ च्या विंडोज १० लाही तेवढीच पुरे असल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. (किमान म्हणजे चालू होण्यापुरती, सुखाने काम करण्यापुरती नव्हे.) ही मर्यादा ४ जीबीवर गेली ती २०२१ च्या विंडोज ११ मध्ये. म्हणजे प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा जड असते, हा नियम नाही.

तरीही अपग्रेडनंतर लॅपटॉप रखडतो हा अनेकांचा अनुभव खोटा नाही, आणि मजकुराचे बळ याच अनुभवात आहे. नवी आवृत्ती बसली की शोधासाठीची अनुक्रमणिका नव्याने तयार होते, अँटिव्हायरस फाइली पुन्हा तपासतो, ड्रायव्हर (यंत्राचे भाग सिस्टिमशी जोडणारी सॉफ्टवेअर) आणि उरलेली अपडेट मागून उतरत राहतात. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, असलेल्या यंत्रावर हे काम बहुधा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उरकते. फिरत्या हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यालाच सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, शिवाय डिस्क वाचणारे हेड योग्य जागी सरकायला वेळ जातो. त्यामुळे विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे झाले तर सेकंदाला शंभराच्या आतच वाचने होतात, जिथे साधी एसएसडीही काही हजारांच्या पुढे असते. मागे सतत काही ना काही चालू ठेवणारी आजची सिस्टिम अशा डिस्कवर आली, आणि त्यात रॅम अपुरी म्हणून रॅममधली माहितीही डिस्कवरच ठेवावी लागली, तर मंदपणा दोन दिवसांचा न राहता कायमचा होतो. अशा लॅपटॉपच्या मालकाची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. त्यावरचा उपाय मात्र अपडेट बंद करणे हा नसून डिस्क बदलणे हा आहे.

‘मुद्दाम करतात’ याचा पुरावा म्हणून ॲपलचे उदाहरण हमखास दिले जाते. बॅटरी जीर्ण झालेल्या काही आयफोनांचा वेग आपण सॉफ्टवेअरने कमी करतो, हे कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले, हे खरे आहे. फोन अचानक बंद पडू नये हे कारण तिने दिले. ग्राहकांना ते आधी सांगितले नाही म्हणून फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोचा दंड झाला. दोष गंभीर होता, पण तो लपवाछपवीचा आणि फोनच्या बॅटरीशी निगडित होता; त्यावरून प्रत्येक लॅपटॉपविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

जाणूनबुजून वेग खर्ची घातल्याचे लॅपटॉपला लागू पडणारे उदाहरण शोधायचे तर ते जानेवारी २०१८ मधले आहे. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी तेव्हा उघड झाल्या, आणि त्या बुजवणाऱ्या अपडेटमुळे वेग घटेल असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले. जुन्या प्रोसेसरवर विंडोज १० वापरणाऱ्या काहींना ही घट जाणवेल, तर तशाच प्रोसेसरवर विंडोज ७ किंवा ८ वापरणाऱ्या बहुतेकांना ती जाणवेल, असे तिचे म्हणणे होते. जुन्या आवृत्तीला चिकटून राहिलेल्यांचे नुकसान अधिक, हे या मजकुराच्या नेमके उलट आहे.

आता शेवटचा सल्ला, परत फिरण्याचा. विंडोज ११ वर गेल्यावर सेटिंग्जमधून मागे जाण्याची मुभा साधारण १० दिवसच असते. त्यानंतर सगळे पुसून जुनी आवृत्ती नव्याने टाकावी लागते. अशा कोऱ्या यंत्राचा वेग वाढतोच, कारण यंत्रासोबत आपोआप सुरू होणारे वर्षानुवर्षांचे प्रोग्राम त्यात नसतात. श्रेय मात्र जुन्या आवृत्तीला मिळते. तुलना करायचीच असेल तर दोन्ही आवृत्त्या त्याच यंत्रावर कोऱ्या टाकून करावी. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, सुरक्षा अपडेटच्या वाढीव मुदतीसाठी नोंदणी न करता तिच्यावर परतणाऱ्याला पुढे सापडणाऱ्या त्रुटी उघड्याच ठेवाव्या लागतील.

अपग्रेड न करण्याला सबळ कारणे आहेत: उत्पादकाने नव्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर दिलेले नसणे, रॅम जेमतेम ४ जीबी असून वाढवता न येणे, किंवा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत नसणे. यांपैकी एकही कारण त्या मजकुरात नाही.