बँडवाले तंबूत बसत नाहीत

परवा जुळे सोलापुरातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ‘सैन्यातले बँडवाले २६ जानेवारीपुरते. युद्धात तंबूत बसतात, शत्रू त्यांच्यावर गोळी झाडत नाही, शौर्यपदक तर मिळतच नाही.’ टाकणारा माझा आतेभाऊ. त्याच ग्रुपवर मामा आहेत, पायदळाच्या पलटणीत १८ वर्षं बॅगपाइप वाजवलेले. त्यांनी मेसेज वाचला, चष्मा काढला आणि फोन पालथा ठेवला.

तंबूत बसतात? अरे, पलटणीतले बँडवाले लढाई लागली की वाद्य खाली ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. जखमी जिथे पडलाय तिथे, म्हणजे गोळीबार चालू असतो तिथेच, जावं लागतं. लहानपणी मामांनी सोलापुरी चादर दोन काठ्यांना गुंडाळून मला त्यात झोपवलं होतं. बँडमध्ये जन्मभर पावलं जुळवायची, पण स्ट्रेचर उचललं की मुद्दाम मोडायची, नाहीतर जखमी झुलतो आणि जखम हलते. हे तंबूत बसणाऱ्याला कशाला शिकवतील?

गोळी झाडत नाहीत, हे कुठून आलं ते कळतं. ६ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ब्रिटिश फौजेचा पाइपर बिल मिलिन बॅगपाइप वाजवत चालला. तो वेडा वाटला म्हणून सोडला, असं पकडलेल्या जर्मनांनी सांगितल्याची गोष्ट आहे. बरं, असेल. पण ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केला तेव्हा अमेरिकेच्या ‘ॲरिझोना’ युद्धनौकेच्या बँडचे २१ जण तोफांना दारूगोळा पुरवायच्या जागी होते. एकही वाचला नाही.

पदकाचं तर थेट लंडन गॅझेटमध्येच, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापलंय. २० ऑक्टोबर १८९७, वायव्य सरहद्दीवरचं दरगाई. पाइपर जॉर्ज फिंडलेटरच्या दोन्ही पायांत गोळ्या घुसल्या, उभं राहता येईना, तर तो माऱ्यात बसून पलटणीची धून वाजवत राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. ती फौज इंग्रजांची होती, तो वाद वेगळा. १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसला पाइपर डॅनियल लेडलॉलाही तोच क्रॉस मिळाला.

आता हुकूम बिगुलावर नाही, वायरलेसवर जातो, आणि समारंभाचे मोठे बँड आघाडीवर नसतात, एवढं मान्य. बाकी सगळं खोटं.

दादा, तो मेसेज आणखी तीन ग्रुपवर टाकलायस. तिथेही हे टाक, आणि रविवारी मामांकडे जाऊन ये.