‘बिडची तिन्ही रूपं बिडच’? अर्धंच खरं

इंग्रजी सुधारण्याच्या टिपांमध्ये सध्या बिड (बी-आय-डी) या क्रियापदाबद्दल एक मजकूर फिरतोय: ‘बिडची तिन्ही रूपं बिडच, बेड हे रूप चूक. बिडिंग युअर टाइम लिहा. बिडनंतर टु हवाच. बिड ऑन कधीच लिहू नका.’

पहिला मुद्दा लिलावापुरता बरोबर आहे. बोली लावली तर बिड-बिड-बिड; ‘बिडेड’ नाही. आउटबिडही तसंच. पण निरोप देणं किंवा आज्ञा करणं या अर्थी बेड, बिडन ही रूपं आहेतच: ‘शी बेड देम फेअरवेल’. तिथे भूतकाळी नुसतं बिडही चालतं, पण म्हणून बेड चुकीचं ठरत नाही. कारण जुनं आहे. जुन्या इंग्रजीत विनवणीचं एक आणि देऊ करण्या-फर्मावण्याचं दुसरं अशी दोन वेगळी क्रियापदं होती. पुढे ती एकमेकांत मिसळली. उलटी चूकही होते. लिलावात ‘ही बेड फाइव्ह थाउजंड’ लिहिलं की वाक्य फसलं. (स्पेलिंग बी-ए-डी-ई, पलंगवाला बेड नव्हे. जुना उच्चार तर बॅड.)

‘बिडिंग युअर टाइम’ सरळ चूक. योग्य वेळेची वाट पाहत थांबणं म्हणजे बाइड, हे तिसरंच क्रियापद. बाइडिंगमध्ये डी एकच: बी-आय-डी-आय-एन-जी. दुसरा डी घातला की बोली लावणं होतं. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे स्पेलचेकची लाल रेघ बहुधा उमटत नाही. शंका आली तर ‘वेटिंग’ ठेवून पाहा. अर्थ जुळला की एकच डी.

टुचा नियम उलटाच सांगितलाय. आज्ञेच्या अर्थी ‘ही बेड मी सिट’, मधे टु नाही. कर्मणीत मात्र येतो: ‘आय वॉज बिडन टु सिट’. ‘इन अ बिड टु’मध्येही (अमुक करण्याच्या प्रयत्नात) टु हवा, कारण तिथे बिड नाम आहे. बातमीच्या मथळ्यात ते शोभतं. निबंधात नुसत्या टुने भागतं. आपल्याकडची खास चूक म्हणजे ‘बिड टु हिम गुडबाय’. मराठीतला ‘त्याला’ तिथे डोकावतो. ‘बिड हिम गुडबाय’ पुरे.

राहिलं ऑन. कंत्राटासाठी ‘बिड फॉर’ सगळीकडे चालतं. ‘बिड ऑन’ अमेरिकी लिखाणात सर्रास दिसतं, लिलावाच्या वस्तूंबाबत तर नेहमीच. एका लेखात दोन्हींची सरमिसळ तेवढी टाळा.