जातीय स्वयंपाकघर

एका वसतिगृहाच्या माहितीपत्रकाचा मराठी मजकूर तपासण्यासाठी माझ्याकडे आला आणि पहिल्याच पानावर ‘रहिवाशांसाठी जातीय स्वयंपाकघर व जातीय स्नानगृहे उपलब्ध आहेत’ हे वाक्य वाचून माझे डोके फिरले. मूळ इंग्रजीत ‘कम्युनल किचन’ होते, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायचे. सातबाऱ्यावरच्या सामाईक विहिरीइतकी ओळखीची गोष्ट! मी ‘सामाईक’ असे दुरुस्त करून पाठवले, तर उत्तर आले की आमच्या शब्दसूचीत ‘कम्युनल’समोर ‘जातीय’ आहे, कृपया बदल करू नये.

अहो, पण तो अर्थ त्या शब्दाला चिकटला तो हिंदुस्थानातल्या राजकारणामुळे. १९३२ साली ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनल्ड यांनी विभक्त मतदारसंघांचा जो निवाडा दिला, त्या ‘कम्युनल अवॉर्ड’ला मराठीत ‘जातीय निवाडा’ म्हटले गेले, आणि धर्मावरून पेटणाऱ्या दंगलींनाही आपण आजतागायत जातीयच म्हणतो (हा घोळ वेगळाच). लंडनमधली ‘कम्युनल गार्डन’ मात्र इमारतीतल्या सगळ्यांची बाग असते, तिथे कोणी कोणाची जात विचारत नाही. ज्या लॅटिन शब्दातून हे सारे कुळ निघाले, त्या ‘कोम्युनिस’चा अर्थच मुळी ‘सामाईक’ असा आहे. गोव्यातली कोमुनिदाद, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, याच कुळातली. तिला ही मंडळी काय म्हणतील, याची कल्पनाही करवत नाही.

चौथ्या पानावर ‘संवादजन्य आजार असल्यास प्रवेश मिळणार नाही’ असे वाचले, तेव्हा तर हसावे की रडावे कळेना. ‘कम्युनिकेबल’ म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा. त्यासाठी ‘संसर्गजन्य’ आहे, ‘साथीचा’ आहे, घराघरांत बोलला जाणारा ‘लागट’ आहे. पण सूचीत ‘कम्युनिकेशन’समोर ‘संवाद’ लिहिलेले असल्यामुळे आजारही बोलू लागला!

सगळ्यांत संताप याचा येतो की लग्नाच्या जाहिरातीत जिथे खरोखर जातच विचारायची असते, तिथे हेच लोक साळसूदपणे ‘कम्युनिटी’ लिहितात, आणि चुलीला मात्र जात चिकटवतात.

आज तिसऱ्यांदा मजकूर परत आला. ‘जातीय’ कायम आहे. फक्त भाषा सोपी असावी म्हणून ‘स्नानगृहे’ काढून ‘न्हाणीघरे’ केली आहेत.