खुलासा : सौर वीज ‘आधी बॅटरीत’ जात नाही

‘घरी बॅटरी बसवली की पॅनेलची सगळी वीज आधी तिच्यात साठते आणि घर बॅटरीवरच चालते, म्हणून बॅटरी लवकर झिजते,’ असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे.

ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेल्या यंत्रणेच्या नेहमीच्या मांडणीत पॅनेलची वीज प्रथम त्या क्षणी चालू असलेल्या उपकरणांना मिळते, उरलेली बॅटरीत भरली जाते आणि त्यानंतरही शिल्लक राहिली तरच ती ग्रिडमध्ये सोडली जाते. समजा, पॅनेल ४ किलोवॉट देत आहेत, घराची गरज १ किलोवॉट आहे आणि बॅटरी २.५ किलोवॉट वेगाने भरू शकते; तर ०.५ किलोवॉट बाहेर जाईल. मुख्य जोडणीपाशी बसवलेला मीटर विजेची दिशा व प्रमाण सतत मोजतो आणि त्यानुसार इन्व्हर्टर (पॅनेल व बॅटरीची वीज घरातील उपकरणांना चालेल अशी बदलून देणारे यंत्र) बॅटरी भरण्याचा किंवा वापरण्याचा वेग बदलतो. बॅटरीतून फिरून येणाऱ्या विजेचा काही हिस्सा उष्णतेत वाया जातो, त्यामुळे थेट वापरच फायद्याचा. (विजेच्या दरानुसार हा क्रम मुद्दाम बदलता येतो, हे खरे.)

‘वीज गेली तरी सारे घर चालेल’ हे त्याच संदेशातले वाक्य अर्धसत्य आहे. ग्रिड बंद पडताच, तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी, इन्व्हर्टरला ग्रिडकडे वीज सोडणे थांबवावेच लागते. अशा वेळी घर ग्रिडपासून वेगळे करणारा स्विच नसेल, तर भरलेली बॅटरी असूनही अंधार होतो. स्विच असला तरी १० किलोवॉट-तास साठवणारी यंत्रणा ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर असल्यास त्याहून अधिक भार पेलत नाही.